ज्या गुन्ह्यात शंकाच नाही, तिथेही फाशी रद्द करावी का?

सह्यवाट

फाशीची शिक्षा रद्द करावी या बाजूचे बरेच लेखन मी सवडीने वाचले आहे आणि त्यातील सर्वांत भक्कम मुद्दा मला एकच वाटतो: निरपराध माणसाला फाशी दिली गेली, तर ती चूक कोणालाही सुधारता येत नाही. इंग्लंडमध्ये टिमथी एव्हान्स याला स्वतःच्या मुलीच्या खुनाबद्दल १९५० मध्ये फाशी झाली. त्याच घरात राहणारा आणि खटल्यात त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा जॉन ख्रिस्टी हा अनेक स्त्रियांचा खुनी असल्याचे तीन वर्षांनी उघड झाले. एव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. अशा माफीचा त्या माणसाला काडीचाही उपयोग नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

परंतु हा युक्तिवाद जिथे शंकेला जागा आहे तिथेच लागू पडतो. कसाबच्या बाबतीत शंका कोणती होती? बंदूक हातात असलेले त्याचे छायाचित्र होते, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते आणि तो घटनास्थळाहून पळून जाताना जिवंत पकडला गेला होता. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधील २६२ व्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे त्यातून वगळले. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते. सरसकट रद्द करा, असे म्हणणाऱ्यांकडे या वगळलेल्या भागासाठी नेमका कोणता युक्तिवाद आहे? दयाबुद्धीच्या आवाहनापेक्षा कायदा आणि प्रत्यक्ष खटले यांच्या आधारे कोणी लिहिले तर मी ऋणी राहीन.

पैलतीर

मी फौजदारी अपिलांचे काम करतो, त्यामुळे प्रश्नाच्या ज्या भागाला आपण सर्वांत भक्कम समजता तिथूनच सुरुवात करतो. दहशतवादाचे खटले फाशीसाठी राखून ठेवावेत, ही सूचना ऐकायला संयमी वाटते. पण माझ्या मते ती उलटी आहे, कारण चूक होण्याची शक्यता याच खटल्यांत सर्वाधिक असते.

आपण दिलेलेच उदाहरण घेऊ. कसाबचा अपराध सिद्ध झाला याबद्दल माझ्या मनातही शंका नाही. मात्र त्याच खटल्यात त्याच्याबरोबर आणखी दोन आरोपी होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे पुरवून त्यांनी कटाला मदत केली, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. विशेष न्यायालयाने २०१० मध्ये त्या दोघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. देशाच्या इतिहासातील सर्वांत उघड्यावर घडलेल्या गुन्ह्याचा तपास, तोच तपासगट आणि तेच आरोपपत्र. त्यातील एक भाग वादातीत होता आणि दुसरा भाग न्यायालयात टिकला नाही. संताप मात्र तिघांविरुद्ध सारखाच होता.

अक्षरधाम मंदिरावरील हल्ला सप्टेंबर २००२ मध्ये झाला. त्या खटल्यात सहा जण दोषी ठरले, तिघांना फाशी सुनावली गेली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि तपासावर अतिशय कडक शब्दांत ताशेरे ओढले. मुंबईच्या उपनगरी गाड्यांमध्ये जुलै २००६ मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची दोषसिद्धी रद्द केली. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे त्या न्यायालयाने सांगितले आहे, म्हणून मी त्यावर अंतिम मत देत नाही. पण फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एक जण अपिलाची सुनावणी पूर्ण होण्याआधीच तुरुंगात मरण पावला, हे आताच खरे आहे.

असे का घडते याचे एक कारण थेट कायद्यात आहे. साध्या खुनाच्या खटल्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. ब्रिटिश काळापासून हा नियम आहे, कारण कोठडीत कबुली कशी मिळवली जाते हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांनाही ठाऊक होते. टाडा आणि पोटा हे दहशतवादविरोधी कायदे (आता दोन्ही लागू नाहीत) आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका या विशेष कायद्यांनी मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य धरला. अक्षरधामचा खटला पोटाखाली चालला आणि बॉम्बस्फोटांचा मकोकाखाली. म्हणजे जिथे शिक्षा सर्वांत कठोर, नेमके तिथेच पुराव्याचे कुंपण सर्वांत ठेंगणे करून ठेवलेले आहे. शिवाय अशा घटनेनंतर आरोपी लवकर पकडा म्हणून तपास यंत्रणेवर जो दबाव येतो, तो दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्यात येत नाही.

आता दहशतवाद बाजूला ठेवतो. महाराष्ट्रात २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. सहा जण पकडले गेले आणि सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. तोपर्यंत तीन न्यायालयांच्या दृष्टीने ही निर्विवाद केस होती. पुढे काय निघाले ते पाहा. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांच्या अल्बममधून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा तपासच झाला नाही आणि ओळख पटवल्याचा तो कागद खटल्यात पुढे आणला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा २००९ चा निकाल मागे घेतला आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले. तोवर सोळा वर्षे उलटली होती, आणि त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हेही मधल्या काळात सिद्ध झाले होते. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

मला हे सांगायचे आहे की ‘शंका नाही’ हा निष्कर्ष काढणारे लोक तेच असतात. तेच पोलीस, तेच पंच, तेच सरकारी वकील आणि तीच न्यायालये. कायद्यात ‘वाजवी शंकेपलीकडे’ अशी एक पायरी आधीच आहे. तिच्यावर ‘अजिबात शंका नाही’ अशी दुसरी पायरी बांधली, तर तिच्यावर कोण चढले हे ठरवण्याचे काम पुन्हा त्याच हातांकडे जाते. दरोड्याच्या त्या खटल्यातील सहाही जण त्या दुसऱ्या पायरीवर सहज बसवले गेले असते.

दीपमाळ

पैलतीर यांची माहिती मोलाची आहे, तरीही मी फाशी कायद्यात राहावी याच मताचा आहे आणि माझी कारणे प्रामाणिकपणे मांडतो.

पहिले असे की चूक फक्त फाशीतच होते असे नाही. सोळा वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाचे तारुण्यही पाच लाख रुपयांनी परत येत नाही. म्हणून आपण जन्मठेप रद्द करत नाही, तपास सुधारतो. आज डीएनए आहे, सीसीटीव्ही आहे, मोबाइलचे टॉवर आहेत. दुसरे, काही कृत्ये अशी असतात की त्यांना योग्य उत्तर देण्याचे समाजाचे कर्तव्यच असते, आणि ते टाळले तर मेलेल्यांच्या जिवाची किंमत आपण कमी लेखली असा अर्थ होतो. तिसरे कारण व्यवहारातले आहे. जन्मठेपेचा कैदी अभिवचन रजेवर (पॅरोल) बाहेर येतो, संचित रजेवर (फर्लो) येतो आणि चौदा वर्षांनी सरकारच्या मर्जीने कायमचा सुटतो. पीडितांच्या घरच्यांना तो गावात हिंडताना दिसतो. फाशी नको म्हणणाऱ्यांनी या घरांना काय सांगायचे ते आधी सांगावे.

निरंजना

दीपमाळ यांचा तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला प्रथम उत्तर देते.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा आपल्याकडचा अतिशय पक्का गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. चौदा वर्षांचा आकडा येतो तो शिक्षेत सूट देण्याच्या सरकारच्या अधिकारावरील मर्यादा म्हणून: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला त्याआधी सोडता येत नाही. सरकारने त्यानंतर सोडलेच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. तरीही सुटण्याची भीती खरी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर तोडगा काढलेला आहे. स्वामी श्रद्धानंद खटल्यात २००८ मध्ये न्यायालयाने फाशीऐवजी आयुष्यभराची, कोणतीही सूट न मिळणारी जन्मठेप दिली आणि डिसेंबर २०१५ मध्ये घटनापीठाने उच्च व सर्वोच्च न्यायालयांचा हा अधिकार बहुमताने मान्य केला. आता पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत सुटका नाही, अशा शिक्षा दिल्या जात आहेत. समाजाला धोका नको एवढाच हेतू असेल तर तो फाशीविना साधतो.

फाशी कोणाला मिळते, हा प्रश्न या चर्चेत अजून आलेला नाही आणि मला तोच सर्वांत अस्वस्थ करतो. बच्चनसिंग खटल्यात १९८० मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनेत बसते असे ठरवले, पण ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच द्यावी आणि कैदी सुधारण्याची शक्यता तपासावी, अशी अट घातली. वेगळे मत देणाऱ्या न्यायमूर्ती भगवती यांची हरकत अशी होती की ही कसोटी अखेरीस त्या दिवशी बसलेल्या न्यायाधीशांच्या दृष्टिकोनावर अवलंबून राहील.

त्याचा प्रत्यय लगेचच आला. उत्तर प्रदेशातील एका खुनाच्या प्रकरणात तीन आरोपींची भूमिका सारखीच होती आणि तिघांनाही फाशी झाली होती. त्यांचे अर्ज वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाची फाशी जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याचे अपील फेटाळले गेले आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये तो फासावर गेला. तिसऱ्याची याचिका त्यानंतर ऐकली गेली, तेव्हा ही विसंगती न्यायालयाच्या ध्यानात आली आणि त्याचा जीव वाचला. गुन्हा एक, पुरावा एक, भूमिका एक. फरक होता तो फक्त कागद कोणत्या टेबलावर पडला याचा.

पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच सांगितले की १९९६ मधील एका निकालात फक्त गुन्ह्याकडे पाहिले गेले, गुन्हेगाराकडे पाहिलेच नाही, म्हणून तो बच्चनसिंग निकालाच्या विरुद्ध होता, आणि त्याच्या आधारे नंतर आणखी काही फाशी कायम केल्या गेल्या. मूळ निकालातील कैद्याला १९९६ मध्येच फाशी दिलेली होती. चौदा निवृत्त न्यायाधीशांनी २०१२ मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहून अशा चुकीच्या निकालांत अडकलेल्या कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. इथे निरपराध कोण हा वादच नाही. दोष सिद्ध झालेल्या माणसाला कायद्याप्रमाणे न मिळायला हवी होती ती शिक्षा मिळाली, हा प्रश्न आहे, आणि कोणताही डीएनए त्याचे उत्तर देत नाही.

सत्र न्यायालयांनी या शतकाच्या पहिल्या दीड दशकात सुनावलेल्या फाशींपैकी पाच टक्क्यांहून कमी अखेरपर्यंत टिकल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. पहिल्या न्यायालयात ज्याचा वकील साक्षीदाराची उलटतपासणी नीट घेत नाही, त्याच्या नोंदी कच्च्या राहतात आणि वरची सगळी न्यायालये त्याच नोंदी वाचतात.

डॉ. आंबेडकरांनी हे फार आधी ओळखले होते. संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी, फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का, यावर चर्चा चालू असताना त्यांनी सांगितले की त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ, वाद कायमचा मिटवण्याचा तोच योग्य मार्ग आहे.

रानजाई

मी लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांच्या समुपदेशनाचे काम करते. दीपमाळ यांनी पीडितांच्या घरच्यांबद्दल विचारले, म्हणून लिहिते.

बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला २०१८ मध्ये कायद्याने फाशीची तरतूद केली. अशा गुन्ह्यांतील आरोपी बहुतांश वेळा मुलीच्या ओळखीचा असतो, अनेकदा घरातला किंवा नात्यातला असतो. काका, सावत्र वडील, शेजारचा दादा. मूल बोलायला तयार झाले की घरातला पहिला प्रश्न असतो, “त्याला फासावर लटकवतील ना?” हा प्रश्न नेहमी समाधानाने विचारलेला नसतो. आजी तो मुलीला गप्प बसवण्यासाठी विचारते, आत्या तक्रार मागे घ्यावी म्हणून विचारते. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावर एका माणसाच्या जिवाचे ओझे टाकले जाते, आणि मग ती साक्षीत अडखळते. दुसरी भीती बोलायलाही जड जाते: अत्याचाराला आणि खुनाला सारखीच शिक्षा असेल, तर एकुलती साक्षीदार जिवंत ठेवण्याचे कारण गुन्हेगाराला उरत नाही.

ज्या घरांत मूल मारले गेले, त्यांचा राग मी कधीही कमी लेखत नाही. पण फाशीची शिक्षा या घरांना जे देते ते म्हणजे वाट पाहणे. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन, दयाअर्ज, दयाअर्जावरील विलंबाची याचिका, आणि प्रत्येक टप्प्यावर बातम्यांत तोच फोटो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत बालहत्यांच्या एका गाजलेल्या प्रकरणातील दोघी बहिणींची फाशी जन्मठेपेत बदलली. दयाअर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेल्यानंतरही सरकारने वर्षानुवर्षे काही हालचाल केली नव्हती, हे त्याचे कारण होते. त्या मुलांच्या घरच्यांना तोपर्यंत पाव शतक उलटले होते. त्यांना पहिल्या वर्षीच सांगितले असते की या बाहेर येणार नाहीत आणि आता कोर्टात यायची गरज नाही, तर ते अधिक मोठे देणे ठरले असते.

दीपमाळ

रानजाई यांनी जे लिहिले ते मी दोनदा वाचले. मुलांच्या प्रकरणांपुरते मी त्यांच्याशी सहमत आहे. पण निरंजना यांनी समाजाच्या कर्तव्याच्या मुद्द्याला हात घातला नाही. वंशसंहार करणाऱ्यालाही आपण जन्मठेपच देणार का?

पैलतीर

होय, आणि जगाने तसे ठरवलेही आहे. रवांडातील वंशसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये जे न्यायाधिकरण नेमले, त्याला फाशीचा अधिकार दिला नाही. रवांडा तेव्हा सुरक्षा परिषदेचा सदस्य होता आणि त्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिले. फाशी नसणे हे त्याच्या आक्षेपांपैकी एक होते. एप्रिल १९९८ मध्ये त्या देशाने बावीस जणांना जाहीरपणे गोळ्या घालून ठार केले. त्याच रवांडाने २००७ मध्ये फाशी रद्द केली. परदेशात लपलेले आरोपी फाशी असलेल्या देशाकडे सोपवायला कोणी तयार नव्हते, हे त्यामागचे एक कारण होते. दोषींना न्यायासनापुढे उभे करणे त्यांना मारण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे, असा तो निर्णय होता. सुमारे आठ लाख माणसे गमावलेल्या देशाने मेलेल्यांच्या जिवाची किंमत कमी लेखली, असे मी तरी म्हणणार नाही.

डीएनए आणि सीसीटीव्हीबद्दल एक गोष्ट. जपानमध्ये इवाओ हाकामादा यांना १९६८ मध्ये फाशी सुनावली गेली, ती मुख्यतः रक्ताने माखलेल्या कपड्यांमुळे. हे कपडे खुनानंतर वर्षाहून अधिक काळाने मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) टाकीत सापडले. त्यातली विजार त्यांना बसतही नव्हती. निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने २००७ मध्ये जाहीरपणे सांगितले की आपल्याला ते निर्दोष वाटत होते, पण बहुमत विरुद्ध गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि ते कपडे तपास यंत्रणेनेच तयार केले होते असे म्हटले. भौतिक पुरावा खोटा बोलत नाही हे खरे असले, तरी तो गोळा करणारी, सीलबंद करणारी आणि न्यायालयापुढे मांडणारी माणसेच असतात. हाकामादा जिवंत होते म्हणून ही चूक बाहेर आली. चुकीने तुरुंगात गेलेला माणूस सोळा वर्षांनी का होईना, स्वतःच्या बाजूने लढत राहतो; फासावर गेलेल्याची केस चालवायला सहसा कोणी उरत नाही. जन्मठेप आणि फाशी यांच्यातला फरक मला इथे दिसतो.

धाक बसतो का, याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो मुद्दा कोणी ताणलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तोवरचे अभ्यास तपासून सांगितले की फाशीमुळे खून कमी होतात की वाढतात हे त्यांतून कळत नाही आणि धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये. कॅनडाने १९७६ मध्ये खुनासाठी फाशी रद्द केली; त्याआधी लाखामागे तीनच्या आसपास असलेले खुनांचे प्रमाण २००३ पर्यंत दोनच्या खाली आले होते. घटण्याची कारणे वेगळी असतील, पण भाकीत केले गेले होते ते वाढीचे.

सह्यवाट

सर्वांचे आभार. दहशतवादाचा अपवाद मी ज्या आधारावर मान्य करत होतो तो आता माझ्याजवळ राहिलेला नाही. कबुलीजबाबाचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता. दीपमाळ यांच्या कर्तव्याच्या मुद्द्याचे मात्र माझ्या मनात पूर्ण समाधान झालेले नाही आणि त्यावर मी अजून विचार करणार आहे. एक व्यावहारिक प्रश्न राहतो. संसदेने उद्या फाशी रद्द केली, तर आज फाशी यार्डात असलेल्या कैद्यांचे काय होते? प्रत्येकाची सुनावणी पुन्हा घ्यावी लागते का?

पैलतीर

दोन्ही मार्ग वापरले गेले आहेत. फ्रान्सने १९८१ मध्ये रद्द करताना फाशीच्या कैद्यांची शिक्षा थेट जन्मठेपेत बदलली. दक्षिण आफ्रिकेत घटना न्यायालयाने जून १९९५ मध्ये फाशी घटनाबाह्य ठरवली, पण प्रत्येक कैद्याला स्वतंत्रपणे नवी शिक्षा देण्याचे काम रेंगाळले आणि ते पूर्ण व्हावे म्हणून त्याच न्यायालयाला २००५ मध्ये स्वतः देखरेख करावी लागली. आपल्याकडे पहिला मार्ग घ्यावा, असे माझे मत आहे. कायद्याने सर्वांची फाशी जन्मठेपेत बदलावी आणि सूट कधीपासून विचारात घ्यायची याची मुदत ठरवण्यासाठी प्रत्येक प्रकरण फक्त एकदा, ठरावीक कालावधीत, उच्च न्यायालयापुढे ठेवावे. त्या वेळी कैद्याला चांगला वकील आणि पीडितांच्या घरच्यांना बोलण्याची संधी, दोन्ही सरकारच्या खर्चाने मिळाले पाहिजे.